ऑस्करचे अंदाज आणि इंदूरची आत्या

दरवर्षी ऑस्करची नामांकनं जाहीर झाली की दोन दिवसांत आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फाइल येते. पाठवणारा मी. त्यात आठ रकाने असतात: सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनयाचे चार पुरस्कार, गाणं आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट. प्रत्येकाने आपापले अंदाज भरायचे. सोहळ्याच्या आदल्या रात्री दहा वाजता फाइल बंद. त्यानंतर आलेली दुरुस्ती चालत नाही, मग ती आईची असली तरी.

आमचा गोतावळा चार गावांत पसरलेला आहे. हैदराबादला आम्ही, बडोद्याला ताई आणि भावजी, बेळगावला चुलतभाऊ आणि वहिनी, इंदूरला आत्या. खेळाचं बक्षीस पहिल्या वर्षीच ठरलं. जो जिंकेल त्याला बाकीच्या गावांनी आपापला खाऊ पाठवायचा. म्हणजे बडोद्याचा लीलो चिवडा, बेळगावचा कुंदा, इंदूरची शेव, आणि आम्ही हरलो तर उस्मानिया बिस्किटांचे दोन डबे.

हा खेळ २०१६ साली सुरू झाला. त्या वर्षी लिओनार्दो डिकॅप्रिओला मिळणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, त्यामुळे सगळ्यांना किमान एक गुण मिळाला आणि सगळ्यांना वाटलं, हे तर सोपं आहे! पुढच्या वर्षीपासून मी त्यात एक्सेल आणलं आणि खेळाची थोडी गंमत घालवली, असं ताईचं मत आहे.

अंदाज बांधायचा कसा?

तुमच्या घरीही कुणी असा खेळ सुरू करणार असेल तर थोडं गणित सांगून ठेवतो.

ऑस्कर म्हणजे परीक्षकांचं पाच-सात जणांचं मंडळ नव्हे. अकादमीचे नऊ-दहा हजार सभासद मत देतात. नामांकनं बहुतेक विभागांत त्या त्या शाखेचे लोक ठरवतात, म्हणजे अभिनेत्यांची नामांकनं अभिनेते आणि संकलकांची संकलक. शेवटच्या फेरीत मात्र सगळे सगळ्यांना मत देतात. बहुतेक पुरस्कारांत ज्याला जास्त मतं तो विजयी, एवढा सरळ हिशेब.

फक्त सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं तसं नाही. तिथे मतदार पसंतीक्रम लिहितो: पहिला, दुसरा, तिसरा. समजा, घरातल्या दहा जणांना सहलीला जायचं आहे. चौघांना गोवा हवं, तिघांना महाबळेश्वर, दोघांना हंपी, एकट्या आजीला शिर्डी. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नाहीत. मग सगळ्यांत कमी मतांची शिर्डी बाद. आजीची दुसरी पसंती महाबळेश्वर, म्हणून ते मत तिकडे. आता गोवा चार, महाबळेश्वर चार, हंपी दोन. हंपी बाद झाली आणि त्या दोघांचीही दुसरी पसंती महाबळेश्वरच निघाली, तर सहा विरुद्ध चार. पहिल्या पसंतीची सर्वांत जास्त मतं गोव्याला होती, पण गाडी महाबळेश्वरला जाणार. म्हणून या पुरस्कारात काहींना प्रचंड आवडलेला आणि काहींना अजिबात न आवडलेला चित्रपट मागे पडू शकतो, आणि बऱ्याच जणांनी दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर लिहिलेला पुढे येतो.

दुसरी गोष्ट, ऑस्करच्या आधी पुरस्कारांची रांगच लागते. गोल्डन ग्लोब, क्रिटिक्स चॉइस, मग अभिनेत्यांच्या, दिग्दर्शकांच्या आणि निर्मात्यांच्या संघटनांचे पुरस्कार, आणि ब्रिटनचा बाफ्टा. यांतल्या प्रत्येकाचं वजन वेगळं. गोल्डन ग्लोबचा गाजावाजा मोठा, पण तो देणारे पत्रकार ऑस्करचे मतदार नसतात. संघटनांमधले आणि बाफ्टातले काही सभासद मात्र अकादमीतही असतात. दिग्दर्शक संघटनेचा विजेता आणि ऑस्करचा दिग्दर्शक आजवर मोजक्याच वेळा वेगळे निघाले आहेत. निर्माता संघटना चित्रपटासाठी पसंतीक्रमाचीच पद्धत वापरते, म्हणून तिलाही मी चांगलं वजन देतो.

तरी फसायला होतंच. २०१७ साली 'ला ला लँड'ला १४ नामांकनं होती. निर्मात्यांची संघटना त्याच्या बाजूने, माझं एक्सेलही. भारतात सोमवारची सकाळ होती. नाव जाहीर झालं, मी ग्रुपवर फटाके उडवले आणि पाचेक मिनिटांत कळलं की पाकीटच चुकीचं होतं. रंगमंचावर अभिनेत्रीच्या पुरस्काराचं जादा पाकीट गेलं होतं. खरा विजेता 'मूनलाइट'. फटाके परत घेता येत नाहीत. भावजी अजूनही प्रत्येक निकालानंतर विचारतात, "पाकीट तपासलंस का?"

२०२० साली पुन्हा तेच. मी '१९१७' लिहिला आणि 'पॅरासाइट' जिंकला. इंग्रजीत नसलेल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. बेळगावच्या वहिनीने 'पॅरासाइट' लिहिला होता. कारण विचारलं तर म्हणाली, "मला तो एकच कळला." कुंदा त्या वर्षी घरातल्या घरातच राहिला.

बाबांचा 'श्वास'

बाबा या खेळात उशिरा आले. ऑस्कर म्हटलं की ते आधी गप्पच बसायचे. त्याला कारण 'श्वास'.

२००४ साली मी शाळेत होतो. संदीप सावंत यांच्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला तो मान आला होता. मग भारताकडून ऑस्करला पाठवायला त्याचीच निवड झाली. डोळ्यांच्या कर्करोगामुळे शस्त्रक्रियेनंतर ज्याची दृष्टी जाणार आहे अशा नातवाला त्याआधी जग दाखवणारे आजोबा. अरुण नलावडे आणि छोटा अश्विन चितळे. आमच्या घरात सगळे रडले होते.

पण निवड झाली म्हणजे काम संपलं नव्हतं. अमेरिकेत जाऊन मतदारांना चित्रपट दाखवायचा, जाहिरात करायची, त्याला पैसा लागतो. महाराष्ट्रात आणि बाहेरही लोकांनी त्यासाठी वर्गणी काढली. बाबांनीही दिली, आणि पावती कितीतरी वर्षं पाकिटात ठेवली. नामांकनं जाहीर झाली त्यात 'श्वास' नव्हता. बाबा तेव्हा एवढंच म्हणाले, "नुसतं चांगलं असून भागत नाही रे. समोरच्याने बघितलं तर पाहिजे."

हे वाक्य पुढे वेगळ्याच जागी आठवणार होतं.

('श्वास'नंतर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' हे मराठी चित्रपटही भारताकडून गेले, नामांकन त्यांनाही मिळालं नाही. पण भारतात आलेलं पहिलं ऑस्कर आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांचं, १९८३ साली 'गांधी'च्या वेशभूषेसाठी, हे घरातल्या मुलांना जरूर सांगा. माझ्या भाचीला ते माहीत नव्हतं.)

२०२१ : आत्याचा रकाना

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

कोविडमुळे २०२१चा सोहळा लांबला आणि एप्रिलच्या शेवटी आला. दुसरी लाट जोरात होती. रोज कुणाची ना कुणाची बातमी यायची. या वर्षी खेळ नको असं माझं मत होतं, पण आई म्हणाली, "पाठव फाइल. तेवढंच दुसरं काहीतरी बोलता येईल."

अभिनेत्याच्या पुरस्कारात त्या वर्षी चर्चेला जागाच नव्हती. चॅडविक बोसमन २०२०च्या ऑगस्टमध्ये, ४३व्या वर्षी कर्करोगाने गेला होता. 'मा रेनीज ब्लॅक बॉटम' हा त्याचा शेवटचा चित्रपट. गोल्डन ग्लोब त्याला, क्रिटिक्स चॉइस त्याला, अभिनेत्यांच्या संघटनेचा पुरस्कारही त्याला. माझ्या एक्सेलने त्याला शंभरात नव्वद दिले. फक्त बाफ्टा अँथनी हॉपकिन्सला गेला, 'द फादर'साठी. मी स्वतःला समजावलं की ब्रिटनचा माणूस, ब्रिटनचा पुरस्कार. घरच्यांनी घरच्याला दिला. त्या रकान्याचं वजन हाताने कमी केलं.

सगळ्यांनी बोसमन लिहिला. आत्याने हॉपकिन्स.

मी तिला फोन केला. "आत्या, तो गुण वाया जाईल गं. बदल."

"राहू दे."

"तू पाहिलास का तो चित्रपट?"

"नाही. यूट्यूबवर दोन मिनिटांचं येतं ना, ते पाहिलं. पाच-सहा वेळा पाहिलं."

"अगं, मग कशावरून?"

"मी गुणांसाठी नाही लिहिलं," ती म्हणाली, आणि आतून आतोबांची हाक आली म्हणून फोन ठेवला.

आतोबांबद्दल सांगायला हवं. ते वीज खात्यात इंजिनिअर होते. मी लहानपणी सुट्टीत इंदूरला गेलो की जुना रेडिओ उघडून मला एकेक भाग दाखवायचे. मी इंजिनिअरिंगला गेलो त्यात त्यांचा मोठा वाटा. २०१९ साली डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं, म्हणजे शब्द माहीत होता. आत्या मधूनमधून म्हणायची की फार अवघड होतंय. बाबा म्हणायचे, "वय झालं की होतंच थोडं." आणि मी? मी दर रविवारी फोन करायचो. आतोबा पाच मिनिटं छान बोलायचे, कंपनीचं विचारायचे, "पगार वाढला का?" म्हणून हसायचे. फोन ठेवल्यावर मी बायकोला सांगायचो, "आत्या जरा जास्तच काळजी करते. आतोबा चांगले आहेत की."

२६ एप्रिलची सकाळ. त्या वर्षी आयोजकांनी क्रम बदलला होता. नेहमी चित्रपटाचा पुरस्कार शेवटी असतो. या वेळी तो आधी आटोपला आणि अभिनेत्याचा शेवटी ठेवला. त्याचा अर्थ सगळ्यांनी एकच लावला: शेवट बोसमनच्या आठवणीने होणार. वाकीन फीनिक्सने पाकीट उघडलं आणि नाव वाचलं, अँथनी हॉपकिन्स. तो हजर नव्हता. भाषण नाही, काही नाही, कार्यक्रम संपला. ८३ वर्षांचा हॉपकिन्स, अभिनयाचं ऑस्कर मिळवणारा सर्वांत वयस्कर माणूस, त्या वेळी वेल्समध्ये झोपलेला होता. दुसऱ्या दिवशी त्याने आभार मानले ते बोसमनची आठवण काढून.

ग्रुपवर एकच गलका. भावजींनी विचारलं, "पाकीट तपासलंत का?" ताईने आत्याला हार-तुरे पाठवले. आत्याचं उत्तर नाही. तासाभराने तिचा एकच संदेश आला: "यांना दाखवलं. यांना कळलं नाही. पण मला बरं वाटलं."

त्या रात्री मी तिला फोन केला आणि पहिल्यांदा स्वतः काही न बोलता ऐकलं.

त्या दोन मिनिटांच्या झलकीत तो म्हातारा आपलं घड्याळ शोधत असतो, कुणीतरी चोरलं म्हणतो. "आपल्याकडे रोज हेच," आत्या म्हणाली. आतोबा घड्याळ काढून पिठाच्या डब्यात ठेवायचे, उशीच्या अभ्र्यात ठेवायचे, आणि मग कामवाल्या बाईंवर आळ. दोन बायका काम सोडून गेल्या. संध्याकाळ झाली की पिशवी भरून दारात उभे, "घरी जायचंय." चाळीस वर्षं राहिलेल्या घरात. एकदा तिलाच म्हणाले, "बाई, तुम्ही कोण? माझी बायको यायची वेळ झाली, तुम्ही जा." ती फाटकाबाहेर जाऊन दहा मिनिटं उभी राहिली आणि पुन्हा आत आली.

"तुम्ही फोन केलात की ते सावरून बसतात," ती म्हणाली. "पाच मिनिटं ते सगळं लावून धरतात रे. मग त्याने इतके दमतात की दिवसभर मला त्रास देतात. तुम्हाला वाटतं, आत्या वाढवून सांगते. त्या सिनेमात कुणीतरी खरं दाखवलंय एवढंच मला कळलं. म्हणून लिहिलं नाव."

मी डेटावर पोट भरणारा माणूस. नमुना चुकीचा घेतला तर निष्कर्ष चुकतो, हे नव्या मुलांना मीच शिकवतो. आतोबांबद्दल माझ्याकडे आठवड्याची पाच मिनिटं होती, आत्याकडे आठवड्याचे सगळे तास. आणि मी माझ्या पाच मिनिटांवरून तिचं खोटं ठरवत होतो. बाफ्टाचा रकाना हाताने कमी केला, तसाच तिचाही.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बहीण आहे माझी. मी बघितलंच नाही."

मग काय केलं

फार मोठं काही नाही. नवी फाइल केली, या वेळी आठवड्याच्या सात वारांची. रोज संध्याकाळी पाच ते सहा, म्हणजे आतोबा दारात उभे राहायच्या वेळेला, कुणीतरी व्हिडिओ कॉल लावायचा. सोमवारी ताई, मंगळवारी मी, बुधवारी बेळगाव, असं. त्या तासात आत्याने दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून पडायचं. सुरुवातीला ती दाराआडून कान देऊन बसायची. महिन्याभराने झोपायला लागली. पाच मिनिटांऐवजी तासभर बोलल्यावर आतोबांचा आजार आम्हालाही दिसायला लागला. एकदा त्यांनी मला रेडिओ दुरुस्त करणारा समजून वीस मिनिटं झापलं. मी "हो साहेब" म्हणत राहिलो.

प्रवास मोकळा झाल्यावर बाबा इंदूरला जाऊन महिनाभर राहिले. मी दिवाळीनंतर गेलो. एका रात्री आतोबा झोपल्यावर आत्याने आणि मी लॅपटॉपवर 'द फादर' पाहिला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: हा चित्रपट त्या म्हाताऱ्याच्या डोक्यातून दिसतो. घरातलं सामान बदलतं, मुलीचा चेहरा मध्येच दुसऱ्याच बाईचा होतो, झालेला प्रसंग पुन्हा होतो, आणि बघणाऱ्यालाही कळत नाही की खरं कोणतं. आत्या हुंदके देईल म्हणून मी तयारीत होतो. ती शांतपणे बघत राहिली. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे यांना असं दिसतं होय. मी उगीच रोज भांडत होते, हे आपलंच घर आहे म्हणून."

दुसऱ्या संध्याकाळी आतोबा पिशवी घेऊन दारात आले. आत्याने चप्पल घातली, त्यांना कोपऱ्यापर्यंत फिरवून आणलं आणि दारात आल्यावर म्हणाली, "आलं बघा घर." ते आत येऊन बसले.

'नाटू नाटू'ची सकाळ

१३ मार्च २०२३ची सकाळ हैदराबादकर कसे विसरतील? गोल्डन ग्लोब आणि क्रिटिक्स चॉइस मिळाल्यामुळे गाण्याच्या रकान्यात माझं एक्सेल निर्धास्त होतं, तरी समोर रिहाना आणि लेडी गागा होत्या. शिवाय भारताने अधिकृतपणे 'आरआरआर' नव्हे, तर 'छेल्लो शो' हा गुजराती चित्रपट पाठवला होता, त्यावरून ताई आणि माझ्यात आधीच जुंपली होती. कीरवाणी आणि चंद्रबोस यांचं नाव आलं आणि आमच्या इमारतीत वर-खाली सगळीकडून ओरडा झाला. गाणाऱ्या दोघांतला राहुल सिप्लीगंज तर आमच्याच शहराचा. त्याच दिवशी 'द एलिफंट व्हिस्परर्स'लाही लघु माहितीपटाचं ऑस्कर मिळालं.

इंदूरहून आत्याने एक व्हिडिओ पाठवला. टीव्हीवर गाणं चालू, आणि खुर्चीत बसलेल्या आतोबांचा उजवा पाय ठेक्यावर हलतोय. तोवर त्यांचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. त्या वर्षाच्या शेवटी ते गेले.

शेवटी हिशेब

२०२१नंतर मी बाफ्टाचं वजन वाढवलं. २०२५ साली त्याचा उपयोगही झाला. डेमी मूरला अभिनेत्यांच्या संघटनेचा पुरस्कार मिळालेला असताना मी मायकी मॅडिसन लिहिलं, कारण बाफ्टा तिला मिळाला होता. ती जिंकली. भाची चिडून म्हणाली, "मामा, तुला ती आवडली म्हणून लिहिलंस की आकड्यांनी सांगितलं म्हणून?" उत्तर तिला माहीत होतं.

म्हणून आता फाइलमध्ये आणखी एक रकाना आहे: "का?" प्रत्येक अंदाजापुढे एक ओळ लिहायची. त्याला गुण नाहीत. पण सोहळ्याच्या आदल्या रात्री मी सगळ्यांत आधी तोच वाचतो. तुमच्याकडे असा खेळ सुरू केलात तर तो रकाना ठेवा. ज्याचा अंदाज सगळ्यांपेक्षा वेगळा आहे, त्याला "बदल" म्हणून सांगण्याआधी तो वाचा.

आत्या सध्या वर्षातले चार महिने आमच्याकडे असते. गेल्या वर्षी तिचे आठपैकी दोन आले, सगळ्यांत कमी. पण ती आमच्याच घरात बसलेली, त्यामुळे शेव कुणी कुणाला पाठवायची यावर अजून वाद चालू आहे.